दारं धरणारा वारा

श्रोतेहो, नमस्कार.

नांदेड, लातूर, धाराशिवकडच्या वर्तमानपत्रांत अधूनमधून एक लहानशी सूचना छापून येते. हैदराबादहून टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे मोठाले फुगे सुटणार आहेत, त्यांची उपकरणं पॅराशूटला लटकून रानात उतरली तर हात लावू नका, पोलिसांना कळवा. पातळ प्लॅस्टिकचे, हायड्रोजन भरलेले हे फुगे तीस ते चाळीस किलोमीटर वर जातात. आमच्या पारावर कुणीतरी ती सूचना मोठ्यानं वाचली, तेव्हा एका आजोबांनी विचारलं, "एवढ्या वर कुठलं आलंय वारं?"

आजोबांचा प्रश्न रास्त होता. तीस किलोमीटरवर पोचलं की जवळजवळ नव्याण्णव टक्के हवा पायाखाली राहते. तरीही उरलेल्या विरळ हवेत वारं असतं, आणि विषुववृत्तावरचं हे वारं फार शिस्तीचं आहे. साधारण वर्षभर पूर्वेकडून वाहतं, मग फिरतं आणि पश्चिमेकडून वाहू लागतं. एक फेरा सरासरी अठ्ठावीस महिन्यांचा. 1883 साली इंडोनेशियातला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला, तेव्हा त्याची राख पूर्वेकडून पश्चिमेकडे अवघ्या दोनेक आठवड्यांत पृथ्वीला वळसा घालून आली. म्हणून लोकांना वाटलं, वर कायम पूर्वेचंच वारं. पुढं 1908 मध्ये आफ्रिकेत फुगे सोडले, तर पश्चिमेचं वारं सापडलं! दोन्ही खरं होतं, हे उमगायला 1960 साल उजाडलं. उष्ण पट्ट्यातल्या ढगांच्या उलथापालथीतून लाटा उठतात. काही लाटा वरच्या वाऱ्याला पूर्वेकडे रेटतात, काही पश्चिमेकडे. त्यांच्या आळीपाळीच्या रेट्यानं वाऱ्याचा थर महिन्याला साधारण एक किलोमीटर खाली सरकत येतो, आणि त्याच्या डोक्यावर उलट्या दिशेचा थर तयार होत असतो.

आता उत्तर ध्रुवाकडे चला, विषुववृत्तावरच्या या वाऱ्याचा धागा तिथवर पोचतो. हिवाळ्यात तिथं महिनोन्‌महिने ऊन नाही. तिथल्या गारठलेल्या हवेभोवती पश्चिमेकडून वाहणाऱ्या वाऱ्याचा भला मोठा भोवरा गरगरत असतो. आणि एखाद्या वर्षी तीस किलोमीटर उंचीवर पाच-सात दिवसांत तापमान चाळीस-पन्नास अंशांनी चढतं. 1952 मध्ये बर्लिनमध्ये हवामानशास्त्रज्ञ रिचर्ड शेरहाग यांनी फुग्यांच्या नोंदींत हे पहिल्यांदा पाहिलं. उणे सत्तरचं उणे वीस झालं तरी तिथं गोठायलाच होणार म्हणा! पण भोवरा फाटतो, कधी दोन तुकडे होतात, वारं उलटं फिरतं.

ऊन नसताना ही ऊब येते कुठून? सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला गरम लागतं ना, तसंच. हिमालय-तिबेट, अमेरिकेतले रॉकी पर्वत, शिवाय जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातला फरक, यांमुळे वाऱ्यात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा उठतात. त्या वर चढतात आणि उंचावर फुटतात. फुटताना भोवऱ्याचा वेग मोडतात. मग ध्रुवावरची हवा खाली दबते आणि दबली की तापते. या लाटांना वर चढायला पश्चिमेचं वारं लागतं, पूर्वेच्या वाऱ्यात त्या शिरत नाहीत. उन्हाळ्यात तिथं वर पूर्वेचं वारं असतं, म्हणून हा प्रकार उन्हाळ्यात घडत नाही.

उष्ण पट्ट्यातल्या वाऱ्याचा संबंध इथंच येतो. रात्रीच्या लायटीवर ज्यानं दारं धरली आहेत, त्याला फार सांगायला नको. हातात बॅटरी, पाय चिखलात. एका वाफ्याचं तोंड ढेकळांनी बांधलं की पाणी आपसूक दुसऱ्या वाफ्याकडे वळतं. विषुववृत्तावर पूर्वेचं वारं असलं की दक्षिणेकडची वाट अशीच बंद होते. लाटांना तिकडे पसरता येत नाही, त्या ध्रुवाकडे वळतात आणि भोवऱ्याला जास्त मार बसतो. पश्चिमेचं वारं असेल तर वाट मोकळी, लाटा उष्ण पट्ट्याकडे पसरून विरतात. होल्टन आणि टॅन या दोन हवामानशास्त्रज्ञांनी 1980 साली हा संबंध आकडे मांडून दाखवला.

पण दार बांधलं म्हणजे वाफा भरेलच असं नाही, पाटाला पाणीही हवं. 2009 च्या जानेवारीत विषुववृत्तावरचं वारं पश्चिमेचं असतानाही भोवरा फाटला, तोही सपशेल. लाटाच तेवढ्या जोरकस होत्या.

लाटांना जोर देणारी आणखी एक गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पावसाचा खंड पडला की हवामानाच्या बातम्यांत मॅडन-ज्युलियन दोलनाचं नाव येतं. ढगांचा हा तांडा महिना-दोन महिन्यांत हिंदी महासागराकडून पॅसिफिककडे सरकतो. तो पश्चिम पॅसिफिकवर जोरात असला, की उत्तर पॅसिफिकमधला कमी दाबाचा पट्टा आणखी खोल होतो, वर जाणाऱ्या लाटांना बळ मिळतं. 2018 च्या फेब्रुवारीत असंच झालं. भोवरा फुटला आणि महिनाअखेर युरोप बर्फानं कुडकुडला.

मग परभणीत शेकोट्या पेटतात त्या यामुळंच का? आता कुणी मोबाईलवर तसं पाठवलं तर लगेच पुढं ढकलू नका. आपल्याकडची थंडी उत्तरेच्या कोरड्या वाऱ्याची आणि निरभ्र रात्रीची. तिची बेरीज थेट ध्रुवाशी जुळवणं मला तरी घाईचं वाटतं. एवढं मात्र खरं, की ध्रुवावर हवा खाली दबते तेव्हा उष्ण पट्ट्यावर ती वर उचलली जाते, आणि तिथला वरचा थर काही अंशांनी गार होतो.

आणि हो, हरभऱ्यात कधी फुग्याच्या उपकरणांचा खोका सापडलाच तर उघडू नका. त्यावर पत्ता लिहिलेला असतो. त्यातल्या नोंदींसाठीच तर फुगा एवढ्या वर गेलेला असतो.