दाढ, रोजंदारी आणि दवाखाना

(दृश्य: पर्वतीच्या पायथ्याची जनता वसाहत. सकाळी सातची वेळ, अरुंद पायऱ्या उतरून कामाला निघालेल्या बायका.)

पुण्यात दातांच्या डॉक्टरांची वाण नाही. कर्वे रस्ता असो, सिंहगड रस्ता असो, औंध असो की हडपसर, थोडे अंतर चालले की एखाद्या दंतचिकित्सालयाची पाटी दिसतेच. शिवाय धनकवडीपासून पिंपरीपर्यंत दंत महाविद्यालये आहेत आणि त्यांची रुग्णालये रोज उघडतात. तरीही जनता वसाहत, ताडीवाला रस्ता, कासेवाडी किंवा रामटेकडी अशा वस्त्यांत चाळिशी ओलांडलेल्या माणसांना तोंड उघडायला सांगितले, तर अनेकांच्या एक-दोन दाढांच्या जागी नुसती हिरडी दिसते. या सगळ्याच दाढा वाचण्यासारख्या नव्हत्या, असे नाही. काढून टाकणे तेवढेच परवडत होते.

परवडणे म्हटले की आपल्या मनात पहिल्यांदा डॉक्टरांची फी येते, आणि ती कमी नसतेच. खाजगी दवाखान्यात रूट कॅनाल आणि त्यावरची कॅप यांचा खर्च काही हजारांत जातो. पण हातावर पोट असलेल्या घरात खरा हिशेब खाड्यांचा असतो. रूट कॅनालसाठी दाढ उघडायची, आतली कीड साफ करायची, नळ्या भरायच्या आणि शेवटी कॅप बसवायची, म्हणजे तीन ते चार खेपा आल्या. चार घरांची धुणीभांडी करणाऱ्या बाईचे एवढे खाडे झाले, तर पगार कापला जातो, आणि तो कापला गेला नाही तरी बोलणी बसतात. मजूर अड्ड्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याच्या हाताखालच्या माणसाला तर पगारी रजा ही गोष्टच ठाऊक नसते. अड्ड्यावर गेला नाही, त्या दिवशी चूल उसनवारीवर. दाढ काढायला मात्र एक इंजेक्शन, एक कापसाचा बोळा आणि एकच खाडा लागतो. त्यामुळे ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, तो पुष्कळदा चोख व्यवहार असतो.

(दृश्य: ससून सर्वसाधारण रुग्णालयाचे आवार, केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग.)

सरकारने काहीच केलेले नाही, असे म्हणता येणार नाही. पुणे रेल्वे स्थानकाजवळचे ससून रुग्णालय १८६७ पासून उभे आहे आणि भोर-वेल्ह्यापासूनची माणसे आजही तिथे येतात. महापालिकेचे कमला नेहरू रुग्णालय मंगळवार पेठेत आहे, जिल्हा रुग्णालय औंधला आहे, पिंपरीत यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत, म्हणजे औंधच्या जिल्हा रुग्णालयातही, तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. ससून मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आणि कमला नेहरू महापालिकेकडे असल्यामुळे हा निर्णय त्यांना लागू झाला नाही. एकाच शहरातल्या सरकारी रुग्णालयांचे मालक निरनिराळे आहेत, हे रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाने कोणाकडून समजून घ्यायचे, हा प्रश्न कोणाला पडल्याचे दिसत नाही.

मोठ्या आजारासाठी योजना आहेत. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून आठ जिल्ह्यांत सुरू झालेली, पुढच्या वर्षी राज्यभर पोहोचलेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालणारी योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचे टेबल असते. शिधापत्रिका आणि ओळखपत्र घेऊन आधी तिथे जायचे, आणि माहिती हवी असेल तर १५५३८८ हा क्रमांक फिरवायचा. दुसरा आधार धर्मादाय रुग्णालयांचा. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याचे कलम ४१ कक आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार २००६ पासून लागू झालेली योजना यांच्यामुळे या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखून ठेवाव्या लागतात, तसेच एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत बाजूला काढावी लागते. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून घेणे त्यांना बंधनकारक आहे. हे माहीत असलेला माणूस बिलिंगच्या खिडकीवर ज्या आवाजात बोलतो, तो आवाज माहीत नसलेल्याला काढता येत नाही.

या साऱ्या तरतुदी खाटेच्या मापाने मोजलेल्या आहेत. रुग्ण दाखल झाला, तर योजना हलते. दाढेला खाट लागत नाही. सिमेंट भरणे, रूट कॅनाल, कवळी, हिरड्यांची सफाई ही कामे खुर्चीवर बसून होतात आणि रुग्ण घरी जातो, म्हणून ती योजनेच्या चौकटीबाहेर राहतात. मग दुखणाऱ्या दाढेवर लवंगेचे तेल, मेडिकलमधून आणलेली गोळी आणि एखादे अर्धवट घेतलेले अँटिबायोटिक एवढ्यावर महिने काढले जातात. कीड दाढेच्या मुळापर्यंत उतरते, तिथे पू साठतो आणि क्वचित तो पू जबड्याखाली, जिभेच्या बुडाशी पसरतो. मानेला सूज येते, गिळता येत नाही, श्वास कोंडतो, आणि रात्री रिक्षात घालून माणसाला ससूनला आणावे लागते. तेव्हा मात्र दाढेला खाट लागते.

कारखान्यातल्या कामगाराची स्थिती त्या मानाने बरी म्हणायची. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना राज्य कामगार विम्याचे छत्र आहे, बिबवेवाडीला आणि चिंचवडच्या मोहननगरला त्याची रुग्णालये आहेत. घरकाम करणारी बाई, कचरा वेचणारी बाई, पथारीवाला आणि हमाल यांच्यापर्यंत ते छत्र येत नाही. बांधकाम मजुरांसाठी वेगळे कल्याणकारी मंडळ आहे, पण नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि वाघोलीची साइट संपवून बाणेरला गेलेल्या कुटुंबाला जुन्या मुकादमाकडून तो मिळवताना नाकी नऊ येतात.

(दृश्य: चुलीवर तवा. तव्यात तंबाखूची पाने. धूर.)

तंबाखूची पाने तव्यावर कोळशासारखी काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरून त्यांची पूड करायची आणि ती पत्र्याच्या डबीत भरून ठेवायची. भाजताना शेजारच्या खोलीतल्या माणसालाही ठसका लागतो. सकाळी उठल्यावर तर्जनीने ती हिरड्यांवर चोळायची, थोडा वेळ तशीच बसू द्यायची आणि मग चूळ भरायची. ही मशेरी. हिच्याकडे व्यसन म्हणून कोणी बघत नाही, दात घासणे म्हणूनच बघतात, आणि बहुतेक बायकांच्या हाती ती दातदुखीच्या निमित्तानेच आलेली असते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीची दाढ ठणकत असते, घरात दुसरा उपाय नसतो, आजी म्हणते, ‘थोडी मशेरी लाव, बधिर होईल.’ ठणका खरोखरच कमी होतो आणि डबी जन्माची सोबत करते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले २४.४ टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळले. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. पण मशेरी घरच्या तव्यावर होते, तिच्यावर बंदी कोण घालणार? तंबाखूमुळे तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा उठतो, सुपारी आणि माव्यामुळे गालाची आतली त्वचा आखडत जाते आणि तोंड उघडेनासे होते. आपली तीन बोटे उभी धरून तोंडात घालून पाहावीत. जात नसतील तर दंतवैद्याला दाखवावे. इतकी साधी ही तपासणी आहे. आशाताई तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी जो तक्ता भरतात, त्यातही तोंडातले चट्टे, न भरणारी जखम आणि तोंड उघडायला होणारा त्रास यांविषयी प्रश्न आहेत. कर्करोग झाल्यावर त्याची शस्त्रक्रिया योजनेत बसते. जी दाढ ठणकली म्हणून मशेरी सुरू झाली, ती भरणे बसत नाही. हा हिशेब कोणत्या खात्याने केला असेल, देव जाणे.

(दृश्य: दंत महाविद्यालयाचा बाह्यरुग्ण विभाग. ओळीने मांडलेल्या खुर्च्या, पांढऱ्या कोटातले विद्यार्थी.)

‘मावशी, आ करा. अजून थोडं. कधीपासून दुखतंय?’

‘नागपंचमीपासून.’

‘मग इतके दिवस का नाही आलात?’

‘गौरी-गणपतीत सुट्टी कोण देतंय, बाळा?’

‘मशेरी लावता?’

‘सकाळचीच. एकदाच.’ मावशी एक बोट वर करून दाखवतात.

महाराष्ट्रातली जुनी शासकीय दंत महाविद्यालये मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. पुण्यात आम रुग्णांना खुली असलेली दंत महाविद्यालये खाजगी संस्थांची आहेत. तिथले दर बाहेरच्या दवाखान्यापेक्षा बरेच कमी असतात, कारण विद्यार्थ्याला शिकण्यासाठी रुग्ण हवाच असतो. ठरलेले काम पूर्ण व्हावे म्हणून काही विद्यार्थी रुग्णाचे शुल्क आपल्या खिशातून भरतात, ही गोष्ट या महाविद्यालयांत सगळ्यांना ठाऊक आहे आणि कोणी ती कागदावर आणत नाही. काम चांगले होते, कारण प्रत्येक टप्प्यावर शिक्षक येऊन पाहतात. आणि त्याच कारणाने ते सावकाश होते. कीड कोरून झाली की थांबायचे, मॅडम येईपर्यंत मावशींनी तोंडात कापूस धरून छताकडे पाहत राहायचे. बाहेर अर्ध्या तासात होणारे काम इथे अर्धा दिवस खाते. शिवाय बाह्यरुग्ण विभाग कामाच्याच वेळेत चालतो, आणि परीक्षा आल्या की पुढची तारीख लांबते. मावशींना पुढच्या मंगळवारी बोलावले, तेव्हा त्यांनी विचारले, ‘आजच काढून टाकली तर नाही का चालणार?’

लहान मुलांच्या बाबतीत गोष्ट अधिकच हातातून निसटते. मुलाला सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. ती यायला आधीचा कुठलाही दात पडावा लागत नाही, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते आणि ‘पडणारच आहे, दुसरी येईल’ म्हणून किडू दिली जाते. दुसरी येत नाही. पुढच्या दोन दातांच्या मधल्या फटीपासून मागे मोजत गेल्यास सहावा दात ही ती दाढ असते. साइटवर वाढणाऱ्या मुलांची न्याहारी चहात बुडवलेला पाच रुपयांचा बिस्किटपुडा असते. त्यातला चिकट चोथा याच दाढेच्या खाचांत बसतो.

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलांना तपासतात, आणि त्यांच्या यादीत दातांचे विकारही आहेत. कीड सापडते, चिठ्ठी लिहिली जाते, चिठ्ठी दप्तरात जाते. तिथून पुढे आईने खाडा करायचा. दंत तपासणी शिबिरांचेही तेच. फलक लागतो, टूथपेस्टच्या ट्यूब वाटल्या जातात, फोटो निघतात आणि चाळीस मुलांच्या हातात संदर्भ-चिठ्ठ्या पडतात. ज्या शिबिरात उपचार होत नाही, ते गरिबाच्या घरी आणखी एक काम पाठवते. अशी शिबिरे भरवू नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्तीतच उपचार करता येतो, हे महत्त्वाचे. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड या औषधाचा थेंब छोट्या ब्रशने किडलेल्या भागावर लावला, तर बहुतेक दातांतली कीड पुढे सरकायची थांबते. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही, मिनिटा-दोन मिनिटांचे काम. किडलेला भाग काळा पडतो, आणि तेवढे पालकांना आधी सांगून त्यांची संमती घ्यावी लागते. हाताच्या अवजारांनी मऊ कीड काढून ग्लास आयोनोमर सिमेंट बोटाने दाबून बसवण्याची पद्धतही अशीच, अंगणवाडीच्या सतरंजीवर करता येण्याजोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ही दोन्ही द्रव्ये आवश्यक औषधांच्या यादीत घेतली. चिठ्ठीऐवजी पथकाच्या पेटीत या दोन बाटल्या आणि पथकात एक दंतवैद्य असला, तर मुलाची दाढ शाळेतच वाचते आणि आईचा रोजगार बुडत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. दवाखान्याची पेटलेली पाटी, कामावरून परतणारी माणसे.)

मोठ्यांसाठी वेळेचा प्रश्न एका ठिकाणी अर्धा सुटलेला आहे. २०२३ पासून राज्यभर सुरू झालेले ‘आपला दवाखाना’ दुपारी २ ते रात्री १० या वेळेत चालतात. म्हणजे काम उरकून, मुलांना जेवू घालून माणसाला जाता येते. रक्तदाब, मधुमेह, ताप-खोकला यांची तिथे सोय होते. दातांची खुर्ची नसते. मधुमेह आणि हिरड्यांचा आजार एकमेकांना वाढवतात, आणि साखरेची गोळी देणाऱ्या टेबलाशेजारी हिरड्या पाहणारे कोणी नसते. आठवड्यातून दोन संध्याकाळी एक खुर्ची आणि जवळच्या महाविद्यालयातले, चार वर्षे पुरी करून आंतरवासिता करणारे दोन विद्यार्थी त्यांच्या एका शिक्षकासह तिथे बसवणे अशक्य नाही. त्याआधी काही गोष्टी लेखी ठरवाव्या लागतील: साहित्याचा खर्च महापालिकेचा की महाविद्यालयाचा, अवजारे निर्जंतुक करण्याचे यंत्र कोणी सांभाळायचे, आणि ज्याची दाढ उघडून ठेवली आहे तो रुग्ण ठरल्या दिवशी आला नाही तर त्याच्या घरी कोणी जायचे. घरी आशाताईच जातील, कारण वस्तीतली दारे त्यांनाच माहीत आहेत. मात्र त्या फेरीचा मोबदला त्यांच्या मानधनाच्या तक्त्यात वेगळ्या ओळीने लिहिलेला असला पाहिजे.