देवळालीचा ताप

(पडदा काळा. बुटांखाली खडी वाजते. लांबून मोर ओरडतो.)

थंडीतली पहाट, सव्वापाच. पुण्याची वेताळ टेकडी. कपाळाला बॅटरी बांधली आहे आणि तिच्या उजेडात दोनच गोष्टी दिसतायत. पुढची पाच-सहा फूट वाट, आणि माझ्याच तोंडातून निघणारी वाफ.

आज २४ किलोमीटर. काल संध्याकाळी शून्य मिलिलिटर. घरी गेलो की हे दोन्ही आकडे वहीत जातील.

(वही. दोनशे पानी, कोपरे दुमडलेले. पानावर गोल ओला डाग.)

ही ती वही. चौथी. डावीकडच्या पानावर पळणं, उजवीकडच्या पानावर बिअर. आईने एकदा चाळली होती. तिला वाटलं, घरचा जमाखर्च असेल. चष्मा वर करून म्हणाली, "यात जमा कुठली बाजू रे?"

अजून उत्तर दिलेलं नाही.

(नाशिकजवळच्या देवळालीचं रेल्वे स्टेशन. पिवळी पाटी.)

जरा वाकडी वाट करून इथे आलोय, कारण माझ्या दुखण्याचं नाव इथलं आहे. डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रजीत 'डूलॅली' म्हणतात. तो शब्द म्हणजे आपली देवळाली. ब्रिटिश अमदानीत इथे लष्कराची छावणी होती. मुदत संपलेले गोरे सोजीर मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथे पडून असायचे. बोटी सुटायच्या हिवाळ्यात. ज्याची मुदत त्यानंतर संपली, त्याने उन्हाळा आणि पावसाळा इथेच काढायचा. हाताला काम नाही. डास, हिवताप आणि दारू. अशात एखाद्याचं तंत्र बिघडलं की बाकीचे म्हणायचे, याला 'डूलॅली टॅप' झालाय. टॅप म्हणजे आपला ताप. देवळालीचा ताप.

२००९ साली पुण्यात, मोहम्मदवाडी-उंड्रीच्या बाजूला एका क्लबाच्या आवारात मायक्रोब्रूअरी, म्हणजे जागेवरच बिअर करून विकणारी छोटी जागा, सुरू झाली. राज्यातल्या अगदी सुरुवातीच्यांपैकी एक. तिने नाव घेतलं, डूलॅली.

मला हा ताप तिथे चढला.

(तांब्याच्या रंगाची टाकी. काचेचा उंच ग्लास, आत गढूळ पिवळी बिअर, वर दोन बोटं फेस.)

तोवर बिअर म्हणजे काय, तर हिरवी नाहीतर तपकिरी बाटली आणि 'एकदम चिल्ड दे रे.' इथे समोर आली गव्हाची, गढूळ, ताकासारखी दिसणारी. नाकाजवळ नेली तर केळ्याचा वास. मी वेटरला बोलावून विचारलं, यात केळं कुणी घातलं? तो बिचारा हसू दाबत म्हणाला, "सर, केळं नाय. यीस्ट आहे ते."

खरंच यीस्ट होतं. जर्मनीत बव्हेरियाकडे गव्हाची जी बिअर करतात, तिचं यीस्ट आंबवताना आयसोअमिल अ‍ॅसिटेट नावाचं द्रव्य सोडतं. पिकल्या केळ्याचा वास त्याच द्रव्याचा. तिथेच मागे लवंगेचा एक बारीकसा वासही असतो, तोही यीस्टचाच. मसाल्याचा डबा कुणी उघडलेलाच नसतो.

घरी येऊन हे सगळं आईला सांगितलं. तिला बिअरचं कौतुक नाही, पण आंबवण्यातलं तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

(स्वयंपाकघर. ओल्या फडक्यात बांधलेली नाचणी. गाठ सुटते, आत पांढरे मोड.)

नाचणीचं सत्त्व करताना आई नाचणी भिजवते, फडक्यात बांधून मोड आणते, सावलीत वाळवते, मंद आचेवर भाजते आणि दळते. सातूचं, म्हणजे बार्लीचं, हेच केलं की माल्ट. मोड आले की दाण्यातल्या पिठुळ भागाची साखर करणारी द्रव्यं जागी होतात. साधारण ६५ अंशांच्या पाण्यात माल्टचा भरडा तासभर ठेवला की ते पाणी गोड लागतं. ते गाळायचं, हॉप्स नावाची कडू फुलं घालून उकळायचं, निववायचं आणि यीस्टच्या ताब्यात द्यायचं. उरलेला चोथा गुरांना.

आईने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "म्हणजे लहानपणी मी तुला भरवलं तेच. फक्त आता पैसे देऊन पितोस."

यीस्टच्या ताब्यात दिल्यावर माणसाने करण्यासारखं फारसं काही उरत नाही. एल जातीच्या बिअरला दोन-तीन आठवडे. लागर ही दुसरी जात, ती थंडाव्यात ठेवायची, तिला त्याहून बराच जास्त वेळ. टाकीवर थाप मारून ती लवकर होत नाही.

(लाकडी फळी. तिच्या खाचांत पाच छोटे ग्लास, फिक्यापासून काळ्यापर्यंत.)

आम्ही चौघे मित्र महिन्यातून एकदा चाखायला बसतो. प्यायला नव्हे, चाखायला. हा फरक घरी कुणाला पटत नाही. फिकीपासून सुरुवात करून गडद बिअरपर्यंत जायचं. आधी उजेडासमोर धरायची. मग नाक. मग घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा, आणि गिळायचा. वाइनवाले थुंकतात, आम्ही थुंकत नाही. हॉप्सचा कडूपणा गिळल्यानंतरच पूर्ण उमगतो.

बर्फगार बिअरला वास येत नाही, म्हणून ग्लास जरा कोमट होऊ द्यायचा. मध्ये पाणी, फार तर पावाचा तुकडा. मसाला पापड बंद. कांदा, टोमॅटो आणि वर चाट मसाला पडला की जीभ गेली कामातून. आमच्यातल्या एकाने या नियमापायी दोन महिने येणं सोडलं होतं.

वहीची पहिली बारा पानं मी तुम्हाला दाखवणार नाही. सगळ्या बिअरपुढे 'छान' लिहिलंय. तेराव्या पानावर पहिली खरी नोंद आहे. 'पोर्टर. रंग कोऱ्या चहाचा. वास भाजक्या शेंगदाण्याचा, मग काकवी. शेवटी तवा करपल्यासारखं कडू, पण हवंसं.' ते लिहायला मला तीन वर्षं लागली.

आणि इंडिया पेल एल, म्हणजे फिक्या रंगाची एल. नावात इंडिया, म्हणून पहिल्यांदा उगाच छाती फुगली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनजवळच्या बो इथल्या हॉजसनच्या ब्रूअरीतून पिंपं जहाजात चढायची आणि आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांनी मुंबई-कलकत्त्याला उतरायची. हॉप्स भरपूर असल्यामुळे बिअर टिकायची. ती खास हिंदुस्थानासाठी शोधून काढली, ही गोष्ट मात्र रंगवलेली आहे. पेल एल तिकडे आधीपासून होती. या प्रवासात ती मुरली, एवढं खरं. देवळालीत सोजीर बोटीची वाट बघत होते आणि बिअर बोटीतच वाट बघत होती.

(पाषाण तलाव. सकाळ. चालणारी माणसं, कानटोप्या.)

पळायला मी लागलो ते पोटामुळे. पोट कशामुळे, ते सांगायला नको. २०१३ साल, वय ३९, पँटचं बटण उपऱ्यासारखं वागत होतं. पहिल्या दिवशी पाषाण तलावाच्या कडेने सुसाट सुटलो आणि आठशे मीटरवर कठड्याला टेकलो. मागून एक आजोबा आले, पांढरे कॅनव्हासचे बूट, हाफ पँट. पुढे निघून गेले, मग वळून म्हणाले, "बोलता आलं पाहिजे, एवढंच पळायचं."

एवढं सांगून गेले. आजतागायत मला पळण्यातलं याहून उपयोगी कुणी काही सांगितलेलं नाही, आणि मी घड्याळावर, बुटांवर बराच पैसा घातला आहे.

मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटर. चार-साडेचार महिने तयारी. आठवड्याची बेरीज हळूहळू वाढवायची, मध्येच एक आठवडा उतरवायची. शरीर आतल्या आत काहीतरी करत असतं. रक्ताच्या बारीक वाहिन्या वाढतात, स्नायू चरबी जाळायला शिकतात. बाहेरून काही दिसत नाही. टाकीसारखंच. घाई केली तर बिघडतं. माझं दोनदा बिघडलं, नडगीचं हाड दुखावून.

(सातारा. पाऊस. घाटात रंगीत टोप्यांची लांब रांग, वर धुकं.)

सातारा हिल हाफ मॅरेथॉन. २०१२ पासून होते. शहरातून निघून यवतेश्वरच्या घाटाने कासच्या रस्त्याला लागायचं आणि त्याच वाटेने परत. अर्धी शर्यत नुसता चढ. दुतर्फा पोरं हात पुढे करून उभी असतात, टाळी दिली नाही तर ओरडतात. हा जिल्हा पळणाऱ्यांचा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकला स्टीपलचेस या लांब पल्ल्याच्या अडथळा शर्यतीत अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. ती ज्या तालुक्यात वाढली तिथे पाऊस नाही, आणि इथे घाटात माझ्या बुटांतून पाणी वाहत होतं.

उतरताना मी वेड्यासारखा सुटलो. दोन तास अठरा मिनिटं. स्वतःवर खूश. आणि मग गाढवपणा केला. पोटात एक केळं, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं, आणि दुपारी हायवेलगतच्या एका परमिट रूममध्ये बसून साडेसहाशे मिलिलिटरची स्ट्राँग बिअर, तहान लागली म्हणून, पाण्यासारखी. गाडी मित्र चालवत होता, तेवढं शहाणपण शाबूत होतं. उठलो, दोन पावलं टाकली, आणि डोळ्यांपुढे अंधारी. शुद्धीवर आलो तेव्हा एक पोऱ्या माझ्या पायाखाली प्लॅस्टिकची खुर्ची सरकवून पाय वर करत होता. "काका, लिंबू-पाणी आनू का?"

(वहीचं पान. डावीकडे '२१ किमी, २.१८'. उजवीकडे नुसती एक रेघ.)

त्यानंतर मी जरा वाचायला बसलो. पळाल्यानंतर बिअर उत्तम, त्यात क्षार असतात, असं आमच्या धावण्याच्या गटात छातीठोक सांगणारे पुष्कळ. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना व्यायाम करायला लावून घाम काढला आणि मग वेगवेगळ्या अल्कोहोलची पेयं दिली. दोन टक्क्यांपर्यंत फारसा फरक नाही. चार टक्क्यांना मात्र लघवीवाटे पाणी जास्त गेलं आणि शरीर सावरायला उशीर लागला. आमची गव्हाची बिअर पाच टक्के. ती स्ट्राँग त्याहून वर.

जर्मनीत मात्र २००९ च्या म्युनिक मॅरेथॉनला २७७ धावपटूंवर एक अभ्यास झाला. शर्यतीआधी तीन आठवडे आणि नंतर दोन आठवडे काही जणांना रोज एक ते दीड लिटर बिनअल्कोहोलची गव्हाची बिअर, बाकीच्यांना तशीच लागणारी पण सत्त्व नसलेली. पहिल्या गटात सर्दी-खोकला कमी निघाला. हा कागद मी मित्रांना नाचवत दाखवला. मग कुणीतरी बोट ठेवलं की प्रयोगाला पैसा बिअर कंपनीचा होता. आणि बिअर बिनअल्कोहोलची, हे तर मी पहिल्या वाचनात सोयीस्करपणे गाळलंच होतं.

तेव्हापासूनचे माझे नियम साधे. लांब पळण्याआधी दोन दिवस उजवं पान कोरं. पळाल्यावर आधी पाणी, मीठ, जेवण, झोप. बिअर दुसऱ्या दिवशी, तीही चाखण्यापुरती. घरी जाताना रिक्षा. आणि खिशात परवाना. हो, १९४९ च्या दारूबंदी कायद्याने महाराष्ट्रात प्यायला अजूनही परवाना लागतो. बिअरला वय २१, कडक दारूला २५. टेबलावर तो कुणी मागितल्याचं मला आठवत नाही, पण मी काढला आहे. मॅरेथॉनच्या बिल्ल्यांशेजारी ठेवतो.

(जुनं छायाचित्र. विषुववृत्तावरचं रान, हाफ पँटीतले गोरे.)

पळणं आणि बिअर एकत्र बांधणारा मी पहिला नाही. १९३८ साली क्वालालंपूरमध्ये गिस्पर्ट नावाच्या एका इंग्रज हिशेबनीसाने काही मित्र गोळा करून हॅश हाउस हॅरिअर्स काढला. एकाने ससा होऊन पुढे पळायचं, कागदाचे कपटे टाकत. बाकीच्यांनी माग काढायचा, सापडला की 'ऑन ऑन' ओरडायचं. शेवटी बिअरची बादली. ज्या क्लबात ते जेवायचे तिथल्या जेवणाला कंटाळून त्याला 'हॅश हाउस' म्हणत, तेच नाव लागलं. गिस्पर्ट १९४२ मध्ये सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. त्याचा खेळ जगभर पोचला.

बिअर माइल म्हणून आणखी एक प्रकार आहे. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीआधी एक बिअर, उलटी झाली तर एक फेरी जास्त. २०१४ साली जेम्स निल्सन या अमेरिकन माणसाने तो पाच मिनिटांच्या आत संपवला. मी पाहिला, थक्क झालो आणि फोन बंद केला. ज्याला तीन वर्षांनी काकवीचा वास सापडला, त्याने हे बघू नये.

(मुंबई. जानेवारी. पेडर रोडचा चढ, फुटपाथवर संत्र्याच्या फोडी घेऊन उभ्या बायका.)

मुंबई मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ पस्तीस किलोमीटर उलटल्यावर येतो. एरवी गाडीतून जाताना तो चढ आहे हे कळतसुद्धा नाही. मी तिथे चालायला लागलो. एका काकूंनी संत्र्याची फोड दिली, मिठात बुडवलेली. आंबट, गोड, खारट. आणि त्या क्षणी मला वेळ, अंतर, पाय, काही आठवलं नाही. आठवली 'गोझे' ही जर्मन बिअर. गोस्लार गावची, लाइपझिगला नावाजलेली, जिच्यात मीठ आणि धणे घालतात. पुण्यात ग्रेट स्टेट एलवर्क्स कोकम आणि मीठ घालून एल करतात, तिची चवही याच वळणाची. मी पेडर रोडवर उभं राहून संत्र्याची फोड जिभेवर फिरवत होतो. मागचा माणूस म्हणाला, "बाबा, चला की."

पाच तास सहा मिनिटं. कोकमाची ती एल दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.

(पुणे. आषाढ. ढगाळ सकाळ. दाराशी चिखलाचे बूट.)

आज आषाढी एकादशी. ड्राय डे. पालखी केव्हाच पंढरपुरात पोचली आहे. तिच्याबरोबर पायी गेलेल्यांचे किलोमीटर मी कधी मोजायला जात नाही, लाज वाटते. सकाळी वेताळ टेकडीवर अठरा झाले. घरी साबुदाणा भिजलेला. आईने आगळाचं कोकम सरबत पुढे ठेवलं.

मी वही उघडली, ग्लास खिडकीसमोर धरला.

(उजवं पान. पेन चालतं.)

'रंग जांभळट लाल. फेस नाही. वास जिऱ्याचा. आधी आंबट, मग गोड, शेवट खारट, लांब.'

"मीठ जास्त झालंय ना?" आई ओट्यापाशी उभी राहून विचारते.

"नाही. आणखी आहे का?"

(पडदा काळा.)