तीन आठवडे फक्त खरं

नमस्कार, श्रोतेहो. आमच्या वाचक मंडळात यंदा एक जुनी, हलकीफुलकी कादंबरी वाचायला घेतली होती. फ्रेडरिक आयशम या अमेरिकन लेखकाची 'नथिंग बट द ट्रुथ'. साल १९१४.

बॉब बेनेट नावाचा तरुण. वडिलांचा पैसा बुडालेला, खिसा रिकामा. तो मित्रांशी पैज लावतो, की तीन आठवडे खोटं बोलणार नाही. आणि नेमका त्याच काळात एका श्रीमंत बाईंच्या बंगल्यावर पाहुणा म्हणून जातो. जिच्यावर त्याचा जीव जडलाय, ती मुलगीही तिथेच.

दोन वर्षांनी याच कथेवरून न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर नाटक आलं, १९४१ मध्ये विनोदी नट बॉब होपचा सिनेमा आला. त्यांत पैजेची मुदत चोवीस तासांवर आणली. माझ्या मते तिथेच गोष्टीचा जीव गेला. एक दिवस काय, माणूस दातओठ खाऊन काढेल. तीन आठवडे म्हटले की लोकांचे संसार आडवे येतात. ज्या मित्रांनी पैज लावली, त्यांच्याच बायका बॉबला विचारतात, "आमचे हे त्या रात्री कुठे होते?" बॉबला सांगावंच लागतं. पैज लावणाऱ्यांचीच पाचावर धारण बसते! हा भाग वाचताना आमच्याकडे कुणाला हसू आवरेना.

मग वाद रंगला. मंडळातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी मनुस्मृतीतलं वचन काढलं, 'न ब्रूयात् सत्यमप्रियम्'. म्हणाले, अप्रिय सत्य बोलू नये हे आपल्याकडे कधीच सांगून ठेवलंय. बॉबला गप्प बसता आलं असतं. त्यावर एक गृहिणी म्हणाल्या, "आमच्या घरी आमटी कशीही झाली तरी सगळे 'छान' म्हणतात. मीठ कमी असेल तर सासरे तेवढे बोलतात. म्हणून पाहुणे यायचे असले की मी चव त्यांनाच घ्यायला लावते." मुख्याध्यापक हसले, पण आपलं म्हणणं काही सोडलं नाही. मला मात्र त्या बाईंचं मनापासून पटलं. बॉबवर लोक चिडतात, त्याला टाळतात, पण पक्की खबर हवी असली की त्याच्याकडेच येतात. आयशमनं हे फार छान टिपलंय.

एक तक्रार मात्र एकमुखानं झाली. पुढे दागिन्यांच्या चोरीचं प्रकरण येतं आणि खरं बोलण्याची गंमत मागे पडते. तिथे पानं कापायला हवी होती. इंग्रजीही जुन्या वळणाचं आहे, सुरुवातीला अडखळायला होतं.

तरीही मंडळाचा कौल असा पडला: जरूर वाचा, आणि शक्य असेल तर घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचा. पुस्तकावरचा कॉपीराइट केव्हाच संपलाय, त्यामुळे ते इंटरनेटवर फुकट मिळतं. मित्रांच्या बायकांचा भाग येईपर्यंत तरी खाली ठेवू नका. नमस्कार.