रात्रभर पुरणारा लाईट: सायकलसाठी घरी बांधलेला बॅटरी पॅक

नमस्कार मित्रांनो. 400 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राईडला, 27 तास मिळतात. पुण्यातून सकाळी सहाला निघून साताऱ्याचा रस्ता धरला तरी नोकरी-घर सांभाळून सायकल चालवणाऱ्या बहुतेकांना एक अख्खी रात्र रस्त्यावर काढावीच लागते, आणि थंडीच्या दिवसात ती रात्र जवळजवळ बारा तासांची असते. पुढचा लाईट, मागचा लाईट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट हे सगळं रात्री सक्तीचं आहेच, पण नियमाचं सोडा, परतताना कात्रजचा जुना घाट अंधारात उतरायचा म्हणजे वळणाच्या पलीकडचा खड्डा आणि सांडलेली खडी वेळेत दिसायला हवी की नको.

आता साधा हिशोब मांडू. बारातला एक तास चहा-जेवणात गेला असं धरा, उरले अकरा. त्यातले दहा तास सपाट रस्त्याला लाईट मंद ठेवला, अडीच वॅटवर, तर 25 वॅट-अवर, म्हणजे वॅट गुणिले तास, लागले. घाटात आणि खराब पॅचला मिळून एक तास फुल्ल, 10 वॅटवर, ते अजून 10. झाले 35. बाजारात लाईटबरोबर जो चार सेलचा पॅक येतो तो, सेल खरे 2500 एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप) असले तर, कागदावर 36 वॅट-अवरचा. म्हणजे पहाटे पाच वाजता, झोप सगळ्यात जास्त येते त्या वेळेला, तुमच्याकडे जेमतेम एक वॅट-अवर शिल्लक, आणि तोही पॅक नवा कोरा असेल तर. म्हणून आपल्याकडचे सायकलवाले सहा सेलचे पॅक स्वतः बांधायला लागले, आणि आज तेच बघायचंय, पण बांधण्यापेक्षा तपासण्यावर जास्त वेळ घालवणार आहे कारण खरं काम तिथेच आहे.

हा टेबलावर दिसतोय तो 18650 सेल. 18 मिलिमीटर जाड, 65 मिलिमीटर लांब, शेवटचा शून्य म्हणजे गोल नळीच्या आकाराचा. 1991 मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरी पहिल्यांदा बाजारात आणली, त्यानंतर लॅपटॉप, टॉर्च, पॉवर बँक, इलेक्ट्रिक गाड्या सगळीकडे हा आकार फिरतोय, टेस्लाच्या पहिल्या रोडस्टरमध्ये असे 6,831 सेल होते. फुल्ल चार्ज 4.20 व्होल्ट, सरासरी 3.6 ते 3.7, आणि 3 व्होल्टला आपण थांबायचं. सायकलच्या बऱ्याच मोठ्या लाईटना असे दोन सेल एकापुढे एक जोडलेले लागतात, म्हणजे चार्जर 8.4 व्होल्टचा.

सेल आणायचे कुठून, हा पहिला प्रश्न सगळ्यांचा. एक रस्ता नवीन घ्यायचा, ओळखीच्या दुकानातून, बिलासकट. दुसरा म्हणजे जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या, जाड, काढता येणाऱ्या, त्यात बहुतेक वेळा सहा सेल असतात, आणि बॅटरी गेली म्हणून टाकलेल्या पॅकमध्ये अनेकदा एखादी जोडीच मेलेली असते, बाकीचे चार चांगले निघतात. पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास, मुंबईत लॅमिंग्टन रोडला अशा वस्तू हाताळणारी माणसं भेटतात. माझं स्पष्ट मत सांगतो, तपासायला महिनाभराचा धीर नसेल तर जुन्याच्या वाटेला जाऊ नका, नवीनच घ्या.

आणि नवीन घेताना ज्या सेलवर 9900 एमएएच लिहिलंय तो हातात पण धरू नका. या आकारात साडेतीन हजार, फार तर चार हजारच्या आसपास जो काय असेल तो शेवट, त्यापुढचा आकडा म्हणजे नुसती छपाई. किचनमधला डिजिटल काटा घ्या, चांगला सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, बराच हलका भरला तर आत माल नाहीये एवढं समजून परत करा.

आता जुन्या सेलचं बघू. पॅक उघडला की पहिलं काम मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचं मीटर. 2 व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल सरळ बाजूला, चार्ज घेतोय का वगैरे बघायचंच नाही. कारण असं आहे की व्होल्टेज फार खाली गेलं की निगेटिव्ह बाजूची तांब्याची फॉइल आतल्या द्रवात विरघळायला लागते, आणि मग तुम्ही चार्जिंग लावलं की तेच तांबं भलतीकडे जाऊन बसतं आणि आतल्या आत शॉर्ट व्हायची पाळी येते. बाहेरून काही कळत नाही, सेल छान चार्ज झालेला दिसतो, आणि नेमका तोच पुढे कधीतरी तापतो.

जे वाचले ते फुल्ल चार्ज करायचे, प्रत्येकावर मार्करने नंबर, तारीख, व्होल्टेज. आणि मग दोन-तीन आठवडे नुसते ठेवून द्यायचे. याला कोणी तयार नसतं, सगळ्यांना लगेच पॅक हवा असतो, पण ही टेस्ट फुकटात होते आणि सगळ्यात जास्त पकडते. जो सेल पडल्या पडल्या 4.10 च्या खाली येतो तो आतून गळतोय, तो बाद.

त्यानंतर कपॅसिटी. कपॅसिटी मोजणाऱ्या टेस्टरवर सेल लावायचा, 1 अँपिअरने 3 व्होल्टपर्यंत खाली आणायचा आणि किती एमएएच निघाले ते लिहायचं. मुळात 2200 चा सेल असेल तर 1800 च्या वर निघाला पाहिजे. त्याचबरोबर आतला रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा, पण बघा, त्याला वेगळं महागडं मशिन नाही लागत. सेल मोकळा असताना समजा 4.18 दाखवतोय, 2 अँपिअरचा लोड लावला की 4.06 वर आला, म्हणजे 0.12 व्होल्ट पडले, भागिले 2, झाले 0.06 ओहम, 60 मिलिओहम. हे आपल्या लाईटला चालतं. शंभर-सव्वाशेच्या पुढे गेलेला सेल मंद लाईटवर नीट वागेल पण फुल्ल केलं की व्होल्टेज झपकन बसेल, आणि घाट उतरतानाच तर आपण फुल्ल करतो.

आता जोड्या. आपला पॅक आहे तीन-तीन सेलचे दोन गट, गटातले तीन पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, आणि दोन्ही गट एकापुढे एक, म्हणजे सिरीजमध्ये. ही वही बघा, एका गटात 1980, 1850 आणि 1910, बेरीज 5740. दुसऱ्यात 2010, 1880, 1850, बेरीज 5740. सेल सारखे नाहीत पण गट सारखे आहेत. दोन्ही गट बरोबरीने रिकामे व्हायला हवेत म्हणून ही सगळी खटपट. आणि तिघांना पॅरलल जोडण्याआधी तिघांचं व्होल्टेज एकसारखं करून घ्या, कारण एक 4.1 वर आणि दुसरा 3.5 वर असताना जोडायची निकेलची पट्टी टेकवली तर मधला फरक 0.6 व्होल्टचा, दोघांचा मिळून रेझिस्टन्स 0.1 ओहम धरा, क्षणात 6 अँपिअर एकातून दुसऱ्यात धावतात.

इथे जरा कॅमेरा जवळ घेऊ. हे सेलचं पॉझिटिव्ह टोक. मधली बटणासारखी टोपी पॉझिटिव्ह आहे हे सगळ्यांना माहीत असतं, पण तिच्याभोवती जी कड दिसतेय ना, प्लास्टिकच्या कव्हरखाली, ती निगेटिव्ह आहे. सेलचा अख्खा डबाच निगेटिव्ह असतो आणि तो वळून इथपर्यंत आलेला असतो. दोघांच्या मध्ये मिलिमीटर-दोन मिलिमीटरची जागा, आणि वर ते पातळ कव्हर. निकेलची पट्टी इथून बाहेर निघते ती नेमकी या कडेवरून, सायकल रोज खड्ड्यात आपटते, पट्टीची धार हळूहळू कव्हर कापते, आणि एक दिवस सेल स्वतःशीच शॉर्ट. म्हणून ही हिरवट कागदाची रिंग, बार्ली पेपर म्हणून मिळते, चिकटणारी, अगदी थोड्या पैशात ढीगभर येतात. प्रत्येक पॉझिटिव्ह टोकावर ही रिंग बसवायचीच. रिंग न लावलेला पॅक मी कोणाच्या सायकलवर लावू देत नाही.

जोडायचं स्पॉट वेल्डरने, म्हणजे क्षणभर मोठा करंट देऊन पट्टी ठिपक्याएवढ्या जागी चिकटवणाऱ्या मशिनने. सोल्डर करायला गेलात की लोखंडाच्या त्या डब्यावर सोल्डर धरायला वेळ लागतो, तेवढ्यात उष्णता आत जाते, आतलं सेपरेटर, म्हणजे दोन बाजू वेगळ्या ठेवणारा पडदा, प्लास्टिकचं आहे, त्याला ती सोसत नाही. पट्टी शुद्ध निकेलची हवी, 0.15 मिलिमीटर जाडीची आपल्या करंटला भरपूर झाली. निकेल म्हणून निकेल चढवलेलं लोखंड पण सर्रास विकतात, दिसायला हुबेहूब. एक तुकडा घ्या, चाकूने ओरखडा काढा आणि मिठाच्या पाण्यात टाकून ठेवा, एक-दोन दिवसात गंज दिसला की कळलं. आपल्याकडे चार महिने पाऊस, कोकणात तर हवाच खारट, तिथे ही फसवणूक परवडत नाही.

वेल्ड कसा झालाय हे नुसतं बघून कळत नाही. आधी एखाद्या बाद सेलवर, पण पूर्ण रिकामा केलेल्या, वेल्ड मारायचे आणि पक्कडीने पट्टी ओढायची. पट्टी सालासारखी अलगद सुटली तर वेल्ड कच्चा. पट्टी फाटून निकेलचे ठिपके सेललाच चिकटून राहिले, पट्टीला भोकं पडली, तर सेटिंग बरोबर, मग चांगल्या सेलला हात लावा.

मग येतो बीएमएस बोर्ड, म्हणजे कुठल्याही गटाचं व्होल्टेज फार खाली किंवा फार वर गेलं की करंट तोडणारा संरक्षक बोर्ड, दोन सिरीजचा, त्याच्या तीन वायरी, एक निगेटिव्हला, एक पॉझिटिव्हला आणि एक दोन गटांच्या बरोबर मध्ये. तो हवाच, आणि का हवा ते सांगतो. समजा पॅक 6.4 व्होल्ट दाखवतोय, लाईटच्या दृष्टीने सगळं ठीक, तो विझणार 6 च्या आसपास. पण आत एक गट 3.7 वर आणि दुसरा 2.7 वर असू शकतो, बेरीज तीच. लाईटला फक्त बेरीज दिसते, बोर्डाला दोन्ही गट दिसतात. पण त्यालाही एक मर्यादा आहे, काही स्वस्त बोर्डांवर बॅलन्सिंग नसतंच, ते फक्त तोडतात, गट सारखे करत नाहीत, म्हणून महिन्यातून एकदा मधल्या वायरवरून दोन्ही गटांचं व्होल्टेज मोजून वहीत टाका. फरक वाढत चाललाय असं दिसलं की पॅक उघडायची वेळ झाली.

बांधून झाला, हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारं प्लास्टिकचं कव्हर, बसली, आता खरी परीक्षा. गाडीच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट 21 वॅटचा बल्ब घ्या, आपल्या पॅकवर तो सव्वा-दीड अँपिअरच्या मध्ये खेचतो, म्हणजे आपल्या फुल्ल लाईटएवढाच लोड, आणि किंमत नाममात्र. शेजारी मल्टिमीटर, दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहायचा, सुरुवातीला 8.4, मग बराच वेळ साडेसातच्या आसपास रेंगाळतो, आणि शेवटी घसरगुंडी. त्या घसरगुंडीची वेळ तुमच्या डोक्यात पक्की बसली पाहिजे, रात्री रस्त्यावर तीच उपयोगी पडते. मधून मधून पॅकला हात लावा, कोमट चालेल, एकच कोपरा गरम लागत असेल तर तिथला वेल्ड नाहीतर तिथला सेल बघा. आमच्या पॅकचं गणित, 5740 एमएएच म्हणजे 5.74 अँपिअर-अवर, गुणिले 7.2 (दोन गटांचे सरासरी 3.6-3.6), म्हणजे 41 वॅट-अवर, तेही जुन्या सेलवर. 35 ची गरज, सहा हातात.

बोर्ड खरंच तोडतो का ते पण याच बल्बवर बघायचं, घरी, डोळ्यासमोर. आणि चार्जर आल्यावर पॅकला लावायच्या आधी मोकळा मोजा, 8.40 च्या अगदी जवळ आला पाहिजे. पिन बसते म्हणून राउटरचा 9 व्होल्टचा अडॅप्टर खुपसणारे लोक मी पाहिलेत, कृपा करून करू नका.

चार्जिंगची जागा मोकळी, फरशीवर, आजूबाजूला पडदे-गाद्या नाहीत, बाहेर पडायच्या दाराच्या वाटेत नाही, आणि तुम्ही जागे असताना. 0 ते 45 डिग्री ही चार्जिंगची हद्द, म्हणजे मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरला दुपारी गॅलरीत चार्जिंग नाही आणि लेहला राईडला गेलात तर पहाटेच्या थंडीत तंबूत पण नाही, खोलीत आणून पॅक ऊबेवर आला की मगच. थंडीत लाईट कमी वेळ चालतो ते वेगळं, पण शून्याखाली चार्ज केलं तर लिथियमचा थर आत साचतो तो निघत नाही.

पावसाचं थोडक्यात. आमचा पॅक टूल बॉटलमध्ये, म्हणजे अवजारं ठेवायच्या बाटलीसारख्या डब्यात, बसतो, पाण्याच्या बाटलीच्या जाळीत, वायर खालून न काढता वरून काढून एक वळसा खाली दिलाय म्हणजे पाणी वायरीवरून थेंबथेंब बाहेरच गळतं. फटी बुजवायला सिलिकॉन घेताना वास घ्या, व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याला खातं, न्यूट्रल मागायचं. आणि पॉझिटिव्ह वायरीत एक 5 अँपिअरचा फ्यूज, पॅकच्या जितका जवळ बसवता येईल तितका जवळ. विमानाने सायकल नेणार असाल तर हा पॅक केबिन बॅगेत, टोकं झाकून, चेक-इन सामानात अजिबात नाही, 100 वॅट-अवरच्या खाली आहे त्यामुळे त्या मर्यादेची अडचण येत नाही.

शेवटी या बरणीतल्या सेलबद्दल, जे बाद झाले. प्रत्येकाच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावलेली आहे आणि बरणीत कोरडी वाळू आहे. हे ओल्या-सुक्या कचऱ्यात जात नाहीत, कचऱ्याच्या गाडीत दाबले गेले की पेट घेतात आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात. 2022 मध्ये बॅटरी कचऱ्याचे नवे नियम आले, त्यात जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय, त्यामुळे ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्रांना विचारा, आपल्या ग्रुपमधल्या सगळ्यांचे सेल एकत्र करून एकदाच नेऊन द्या, आणि देताना लिथियम आहेत हे तोंडाने सांगा.