रतीब दुप्पट झाला तेव्हा

नमस्कार मंडळी. विषय रहस्यकथेचा आहे, पण सुरुवात दुधाच्या रतिबापासून करतो.

माझं लहानपण वाईत गेलं. शेजारच्या घरात एक आजी एकट्या राहायच्या. सकाळी गवळी आला की त्या पातेलं घेऊन दारात यायच्या आणि गवळी अर्ध्या लिटरचं माप एकदा ओतायचा. एकदा माझ्या मावशीच्या लक्षात आलं, की चार दिवस माप दोनदा ओतलं जातंय. पाहुण्यांचा पत्ता नव्हता. दोरीवर लुगडी तेवढी वाळत होती. मावशी कुणाला काही बोलली नाही. त्या दुपारी तिनं आमटी-भाताचा डबा जरा मोठा भरला आणि आजींच्या हातात देताना म्हणाली, "गरम आहे तोवर दोघं जेवून घ्या." आजी उंबऱ्यावरच रडायला लागल्या. देणी थकली म्हणून परागंदा झालेला त्यांचा मुलगा रात्री परतला होता आणि माळ्यावर लपून राहत होता.

पुढे कॉलेजसाठी पुण्याला आलो, अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं चाळता चाळता मिस मार्पल हाती लागली, आणि मला मावशीच भेटल्यासारखी वाटली. इंग्रज लेखिका अगाथा ख्रिस्तीची ही गुन्ह्यांचा छडा लावणारी म्हातारी 1927 साली एका कथेतून आली, 1930 साली पहिल्या कादंबरीत. राहते सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात. कुणाचा खून झाला की तिला गावातलं कुणीतरी आठवतं: पैसे खाणारा पोऱ्या, लग्न लपवणारी मोलकरीण. माणसांचे स्वभाव तिनं गावातच पाहून ठेवलेले असतात. पुढचा तपास त्या आठवणीच्या धाग्यानं चालतो.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांवर पिढ्या वाढल्या, मीही वाढलो. त्या कथांचं बळ वेगात होतं. पण गावातल्या कथेत पळून जायचं कुठं? संध्याकाळी सगळे त्याच पारावर, त्याच किराणा दुकानात. तिथं माहिती लपलेली नसते. निम्म्या गावाला ती ठाऊक असते, फक्त कुणी तोंडावर आणलेली नसते. म्हणून तिथं तपास करणाऱ्याला थांबता आलं पाहिजे. ओट्यावर बसून दुसऱ्याचं ऐकता आलं पाहिजे.

हे मला सगळ्यात खोलवर जाणवलं ते फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या जॉर्ज सिमेननच्या मेग्रे या नायकाच्या कथांमध्ये. 1932 सालची एक कादंबरी आहे. मेग्रे पॅरिसच्या पोलिसांतला मोठा अधिकारी. पोलिसांकडे एक निनावी चिठ्ठी येते, की अमुक गावच्या चर्चमध्ये पहाटेच्या प्रार्थनेच्या वेळी गुन्हा घडणार आहे. ते गाव त्याचंच जन्मगाव. तिथल्या गढीच्या जहागिरीवर त्याचे वडील कारभारी होते, त्या चर्चमध्ये लहानपणी त्यानं सेवा केलेली. तो जाऊन बसतो. प्रार्थना संपते, लोक उठतात, आणि गढीची म्हातारी मालकीण जागची हलत नाही. ती गेलेली असते. जखम नाही, विष नाही. तिच्या प्रार्थनेच्या पुस्तकात वर्तमानपत्राचं एक कात्रण निघतं: तिच्या मुलानं आत्महत्या केल्याची बातमी. बातमी खोटी. तिचं काळीज दुबळं आहे हे ज्याला माहीत होतं, त्यानं ते कात्रण तिथं ठेवलं होतं.

यातलं हत्यार बघा. एक कागद. पण ही बाई कोणतं पान कधी उघडते आणि कुठल्या दुःखानं कोसळेल, हे जवळच्या माणसालाच माहीत असणार. असा खून अनोळखी माणसांच्या गर्दीत होऊच शकत नाही. आणि मेग्रेची अवस्था? ज्या गढीकडे लहानपणी मान वर करून बघितलं, तिचे पोपडे त्याला आता दिसतायत. आरोपी शोधताना त्याचं बालपणही मोडून पडतं. मी हे पुस्तक तीनदा वाचलंय. गुन्हेगार कोण ते सांगत नाही, तुम्ही वाचा.

आता पुण्याशी असलेलं एक नातं सांगतो. ब्योमकेश बक्षी या बंगाली रहस्यकथांच्या नायकाचे निर्माते, लेखक शरदिंदु बंद्योपाध्याय 1952 पासून पुण्यात राहत होते आणि 1970 साली इथंच गेले. ब्योमकेशच्या उत्तरकाळातल्या कितीतरी कथा या शहरात बसून बंगालीत लिहिल्या गेल्या. ब्योमकेशला 'डिटेक्टिव्ह' हा शब्द आवडत नाही, तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणवतो. शेवटची कथा त्यांच्या हातून अर्धवट राहिली. आपल्या शहराला हे पुरेसं माहीत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

आणि मराठीत? आपल्या गावांत तर असा माणूस कायद्यानंच नेमलेला आहे. पोलीस पाटील. 1967 च्या अधिनियमानुसार गावातला गुन्हा, संशयास्पद मृत्यू वर कळवणं हे त्याचं काम. पण तो राहतो त्याच गावात. ज्याच्याबद्दल कळवायचं तो चुलता असेल, बांधाचा शेजारी असेल. पंचनाम्याला पंच म्हणून बोलावलेले दोघे सोयरेच निघतील. रात्री कळवून आला, तरी सकाळी त्याला त्याच विहिरीवर जायचंय. त्या सकाळची कादंबरी मला वाचायची आहे. तुमच्यापैकी कुणी लिहीत असेल, तर हस्तलिखित घेऊन माझ्याकडे या. पहिला वाचक मी होईन.