घोट्यापर्यंत लुगडं

(दृश्य: दोन हात लुगड्याच्या निऱ्या घालताहेत. चेहरा दिसत नाही.)

बाईचं लुगडं कुठवर पोचलंय, एवढं पाहून गावाला कळायचं ती कुणाच्या घरची. अस्पृश्य ठरवलेल्या घरातली बाई म्हणजे गुडघ्याशी राहिलेला काठ, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चढवलेले कथलाचे नाहीतर चांदीचे गोट. पाणवठ्याशी पोचायच्या आधीच लांबून तिची जात ओळखली जाई.

(दृश्य: महाडचं चवदार तळं, सकाळ.)

२० मार्च १९२७. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांच्यासोबत आलेली माणसं या तळ्याचं पाणी प्यायली. त्याच वर्षी डिसेंबरात महाडला पुन्हा परिषद भरली आणि २५ तारखेच्या रात्री मनुस्मृती जाळली गेली. त्या होळीबद्दल आपण शाळेपासून ऐकत आलो. तिच्या पाठोपाठ तिथेच झालेली बायकांची सभा मात्र फारशी सांगितली जात नाही, आणि मला ती तेवढीच मोठी वाटते.

त्या पोथीच्या दहाव्या अध्यायात कपड्यांचा नियम आहे. चांडाळांनी प्रेतावरची वस्त्रं वापरावीत, दागिने लोखंडाचे घालावेत. पोथी जळली होती. पण तिच्यातलं शासन बायकांच्या अंगावर तसंच होतं.

बाबासाहेब त्या सभेत पाण्याबद्दल बोलले, मुलींना शाळेत घालण्याबद्दल बोलले, आणि लुगड्याबद्दलही बोलले. तुमची नेसण्याची तऱ्हा हीच तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे, ती पुसून टाका, असं त्यांचं सांगणं होतं. लुगडं फाटकं असलं तरी चालेल, पण स्वच्छ हवं. गळ्यात गळसऱ्यांचा भार नको. अंगभर नेसा, घोट्यापर्यंत.

(दृश्य: कंदिलाच्या उजेडात कापडाच्या घड्या, बांगड्यांचा आवाज.)

मग टिपणीस आणि चित्रे या सवर्ण, कायस्थ घरांतल्या बायका पुढे झाल्या आणि त्यांनी सभेतल्या बायकांना नव्या पद्धतीनं लुगडं नेसायला शिकवलं. एका बाईनं दुसरीच्या कमरेला हात लावायचा, निरी सारखी करून द्यायची. शिवाशिवीच्या त्या काळात हा स्पर्श साधा नव्हता. बायका परत निघाल्या तेव्हा लुगडी तीच होती, काठ मात्र खाली आला होता.

ही वरच्या जातींची नक्कल होती, असं कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. आपलं नेसणं त्या बायकांनी स्वतः निवडलेलंच कधी नव्हतं, त्यामुळे सोडायला त्यांचं स्वतःचं असं काही नव्हतं. लांबून जात वाचणाऱ्या नजरेला त्यांनी वाचायला काही ठेवलं नाही.

(दृश्य: नागपूर, दीक्षाभूमी. पांढऱ्या साड्यांची गर्दी.)

२९ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात धम्मदीक्षेसाठी लाखो लोक जमले. पांढरे कपडे घालून या, असा निरोप होता. ज्या घरांत सवाष्णीनं पांढरं नेसू नये असं मानायचे, त्या घरांतल्या सवाष्णी त्या दिवशी पांढरं नेसून आल्या. महाडला एक खूण पुसली होती. नागपुरात बायकांनी नवी खूण आपल्या हातानं अंगावर घेतली.

दरवर्षी त्या दिवशी दीक्षाभूमीवर आजही पांढऱ्या साड्या दिसतात. काठ बहुतेक निळा. आजीच्या साडीची निरी नात नीट करून देते, आणि दोघी रांगेत पुढे सरकतात.