दहाचं नाणं खरं की खोटं? आधी रेघा मोजणं थांबवा

नमस्कार मंडळी. दहाच्या नाण्याबद्दल कमेंट्समध्ये सारखा एकच प्रश्न येतोय: "माझ्या नाण्यावर 15 रेघा आहेत, खोटं आहे का?" नाही. नाण्यावरच्या किरणांसारख्या रेघा 10 असल्या तरी खरं आणि 15 असल्या तरीही खरं. "₹ चिन्ह नाही" म्हणूनही घाबरू नका. ते चिन्हच 2010 मध्ये आलं आणि नाण्यांवर 2011 पासून दिसू लागलं, मग आधीच्या नाण्यावर ते येणार कुठून? रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2018 मध्ये सांगितलं आहे की, तोवर निघालेले दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत. तरी लोक नाणं परत करतात आणि रोज सुट्ट्या पैशांवर धंदा करणाऱ्यांकडे नाण्यांचा ढीग साचतो. हा त्यांच्यावर सरळ अन्याय आहे.

आता तपासणी. ₹ चिन्हाच्या, 2011 पासूनच्या नमुन्याचा व्यास 27 मिलिमीटर, वजन 7.71 ग्रॅम. बाहेर पिवळं कडं, आत पांढरा गाभा. हे झालं.

संशय आला की त्याच नमुन्याचं, खात्रीचं दुसरं नाणं शेजारी ठेवा. त्याच नमुन्याचं! स्मारक नाण्याशेजारी, म्हणजे एखाद्या खास प्रसंगानिमित्त काढलेल्या नाण्याशेजारी, साधं नाणं ठेवलं तर फरक दिसणारच, आणि तो फरक म्हणजे पुरावा नव्हे.

[नाणं कॅमेऱ्याजवळ]

भिंगातून आधी सांधा बघा, म्हणजे कडं आणि गाभा जिथे भेटतात ती गोल रेघ. टांकसाळीत हे दोन तुकडे वेगळे बनतात आणि ठसा उमटतानाच त्या दाबाखाली एकमेकांत घट्ट बसतात. त्यामुळे नक्षी सांध्यावरून जात असेल तर ती सलग जाते. खोट्या नाण्यात गाभा अंगठ्याने दाबला की हलतो, किंवा उजेडासमोर धरल्यावर फट दिसते. कधी सांधाच नसतो: एकाच धातूची चकती, वर रंगाचा मुलामा. तो आधी काठावर आणि उंचवट्यांवर झिजतो आणि खालचा धातू उघडा पडतो.

सगळ्यात जास्त चूक होते ती झिजलेलं आणि खोटं यांत. वापराने झीज होते ती उंच भागांवर. सिंहांचे चेहरे सपाट होतात, पण अक्षरांच्या मुळाशी, खोलगट जागेत, कडा धारदार राहतात. साच्यात धातू ओतून केलेल्या नकलेत उंच-सखल सगळंच सारखं मऊ दिसतं, पृष्ठभागावर बारीक खड्डे असतात आणि काठावर साच्याची शिवण सापडते. म्हणून "पुसट आहे" एवढ्यावर निकाल देऊ नका. कुठे पुसट आहे ते बघा. नाणं काळवंडलेलं असेल तरीही हेच: रंग सोडा, खोलगट जागा बघा.

वर्षाखालची टांकसाळीची खूणही बघा. मुंबईची चौकट (पत्त्यांतल्यासारखी), हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका. खूणच नाही? घाबरू नका, कोलकाता टांकसाळ खूण टाकत नाही.

वजनासाठी 0.01 ग्रॅम दाखवणारा काटा लागतो. स्वयंपाकघरातला काटा 7 किंवा 8 दाखवेल, त्याचा उपयोग नाही. आणि नाणी एकेक करून मोजा. दहा एकदम ठेवली तर एक हलकं नाणं सरासरीत लपून जातं. शतांशातला किरकोळ फरक सोडून द्या.

"चुंबकाला चिकटलं म्हणजे खोटं" हेही बरेच जण लिहितात. अहो, एक आणि दोन रुपयांची स्टीलची नाणी चिकटतातच! एकाच नमुन्याची दोन नाणी चुंबकाशी वेगळी वागली, तरच त्यातून काही कळतं.

इतकं करून नाणं खोटंच निघालं, तर ते पुढे खपवू नका. खोटं आहे हे माहीत असताना चालवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 179 खाली गुन्हा आहे. ते वेगळ्या पाकिटात ठेवा, कुठून आलं आठवत असेल तर लिहून ठेवा, आणि पोलीस ठाण्यात द्या. दहा रुपये परत मिळतील ही अपेक्षा मात्र सोडा.